नऊ नंबरच्या विहिरीचा आकडा

सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माईक माझ्यापर्यंत आला होता. तुमच्या जुन्या सहकाऱ्यांनी नाव घेऊन बोलावलं, मी मान हलवली आणि माईक पुढच्या माणसाकडे गेला. सगळे तुमच्या शोधनिबंधांबद्दल बोलले, समित्यांबद्दल, परदेशातल्या व्याख्यानांबद्दल. एकांनी तुम्हाला जलतज्ज्ञ म्हटलं. तुम्हाला तो शब्द चालायचा नाही. तज्ज्ञ म्हटलं की लोक आपल्याला प्रश्न विचारायचे थांबतात, असं तुमचं म्हणणं.

मी शेवटच्या रांगेत बसून हार घातलेल्या फोटोतल्या तुमच्या खिशाकडे बघत होते. खिसा स्वच्छ होता. फोटो कुठल्यातरी सत्काराचा असणार. मी पाहिलेल्या तुमच्या प्रत्येक शर्टाच्या खिशावर खडूचा डाग होता. टेपच्या टोकाकडच्या हातभर भागाला खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायचा, वर ओढायचा आणि खडू कुठवर भिजलाय ते बघायचं. पाण्याला टेकलं की वाजणारी यंत्रं आपल्याकडे दोन होती, ती तुम्ही बोअरसाठी ठेवलेली. उघड्या विहिरीवर खडूच. यंत्र वाजलं तर लोकांना वाटतं यंत्राला काहीतरी कळलं. भिजलेला खडू धुणं धुणाऱ्या बाईलाही वाचता येतो. हे तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत, आणि वर म्हणालात, "तिने वाचला की मग आपण लिहायचा."

हे सगळं मी त्या हॉलमध्ये सांगू शकले असते. पण हे सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि ते हॉलमध्ये सांगायचं नव्हतं. नऊ नंबरच्या विहिरीबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. चार वर्षं राहिलंय.

तुमच्याकडे आले तेव्हा मी नुकतीच भूशास्त्रात एमएस्सी झाले होते आणि माणसांशी फार बोलावं लागणार नाही असं काम शोधत होते. दगड आणि पाणी, मला वाटलं, बरं आहे. वडगावला बाजाराच्या मागे तुमच्या त्या दोन खोल्या, खाली खताचं दुकान, वर नकाशांच्या गुंडाळ्या. मी मुलाखतीसाठी पाठ करून आलेलं सगळं इंग्रजीत होतं. तुम्ही अर्जावरचा पत्ता तेवढा बघून विचारलंत, "लोणावळ्यात तुमच्याकडे नळाला पाणी किती वाजता यायचं?"

मी म्हटलं, पावणेसहाला येऊन साडेसहाला जायचं, मे महिन्यात एक दिवसाआड.

तुम्ही माझी सर्टिफिकिटं न बघताच परत दिलीत. "सोमवारी या."

तुम्ही एक प्रश्न विचारला नाहीत. माझं आडनाव गायकवाड. गायकवाड म्हटलं की समोरचा माणूस जरा थांबतो आणि विचारतो, "कुठले गायकवाड?" कॉन्व्हेंटमध्ये असं कुणी विचारायचं नाही, म्हणून मला त्याची सवयच झाली नव्हती. बाहेर पडल्यावर सगळे विचारू लागले. होस्टेलच्या बाई, मैत्रिणींच्या आया, आपल्या खालचे खतवाले. प्रश्न गावाचा नसतो हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि मलाही. मी "लोणावळ्याचे" म्हणते आणि हसून विषय बदलते. बाबा रेल्वेत, मी क्वार्टर्समध्ये वाढलेली, त्यामुळे ते खोटंही नाही. आम्ही बौद्ध आहोत, आजोबा उर्स्याचे. एवढं साधं वाक्य मी तुमच्याबरोबर काम केलेल्या वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. तुम्ही विचारत नव्हतात, याबद्दल मी मनातल्या मनात तुमचे खूप आभार मानले आहेत. कधीकधी रागही आलाय. विचारलं असतंत तर एकदाचं सुटलं असतं.

कामाबद्दल मला पहिल्यांदा खरं काही कळलं ते एका एप्रिलमध्ये, भाजे गावाच्या बाजूला, टँकरच्या मागे गाडी अडकली होती तेव्हा. मी म्हटलं, आमच्या घरात चार महिने कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, आणि तिथून दहा-बारा किलोमीटरवर हा टँकर कसा काय? तुम्ही खाली उतरलात, रस्त्याच्या कडेचे दोन दगड उचलून माझ्या दोन हातांत दिलेत. एक काळा, घट्ट, जड. दुसरा भोकाभोकांचा, हलका, नखाने कोरता येईल असा. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. "हा पाणी धरतो, तो धरत नाही. मावळात कुठे कुठला आहे, एवढंच मी चाळीस वर्षं शोधतोय. अजून निम्मंही झालेलं नाही." मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत होते. तुम्ही दगड परत घेऊन जिथे होते तिथेच ठेवलेत. तुमची सगळी कारकीर्द त्या तीन वाक्यांत होती. शोकसभेत ती सांगायला दोन तास लागले.

आपलं भांडण आठवतं ना? मिटलं नाही ते. विहिरी मोजायच्या फेरीच्या दिवशी संध्याकाळी, गाव सोडण्याआधी, तुम्ही शाळेच्या ओसरीवर बसून त्या दिवशी मोजलेल्या सगळ्या विहिरींचे आकडे मोठ्याने वाचायचात. रिपोर्ट पुण्याला जायच्या आधी गावाने ऐकायचा, हा तुमचा नियम. कुणी हरकत घेतली की तुम्ही टेप घेऊन परत जायचात. मला हे पटायचं नाही. एकदा त्या ओसरीवर प्लॉटचा एक एजंट येऊन बसला. सगळे म्हातारे तंबाखू मळत होते, हा एकटाच वहीत लिहून घेत होता. पुढच्या हिवाळ्यात सगळ्यात चांगल्या झऱ्याच्या बरोबर वर बोअर पडलं आणि एका बंगल्याचा स्विमिंग पूल भरला. मी म्हटलं, मी सांगितलं होतं. तुम्ही दोन दिवस गप्प होतात. तिसऱ्या दिवशी डबा उघडताना म्हणालात, "ऐकणाऱ्यांत एक चोर असला म्हणून बाकीच्यांना काय अंधारात ठेवायचं?" मी म्हटलं, चोराला बॅटरी तर देऊ नका. तुम्ही हसलात आणि तुमच्या डब्यातलं मेथीचं थालीपीठ माझ्याकडे सरकवलंत. तो काही युक्तिवाद नव्हता, सर. मला अजूनही वाटतं की मी बरोबर होते.

आता मे महिन्यातली ती फेरी.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हीही रिपोर्टात विहिरींना नंबर द्यायचात. नऊ नंबर म्हणजे बौद्ध वस्तीची विहीर, ओढ्यापलीकडे. जुन्या कुठल्याच यादीत ती नव्हती. तुम्ही ती यादीत घातलीत आणि त्यावर कधी भाषण केलं नाहीत. तोवर नऊ नंबर नेहमी तुम्ही स्वतः मोजायचात. त्या दिवशी तुमचा गुडघा दुखत होता. तुम्ही म्हणालात, "तू जाऊन ये, मी वरच्या दोन करतो."

मी ओढा ओलांडला, आंब्यापर्यंत गेले. विहिरीवर खूप माणसं होती. बायका, पुरुष, कुणी काही ओढतंय, कुणी ओरडतंय. मला वाटलं, आता सगळे बघतील, बसवतील, पाणी देतील. मग ती वयस्कर बाई, हिराबाई, जिला तुम्ही मावशी म्हणायचात, ती विचारेल, कुणाची गं तू? आणि तिला "लोणावळ्याचे" सांगून चालणार नाही. ती माझ्या आजोबांचं नाव काढून घेईल, कुणीतरी नात्यातलं निघेल, आणि पुढच्या वेळी तुमच्यासमोर, ड्रायव्हरसमोर, ओसरीवरच्या सगळ्या गावासमोर ती मला हाक मारेल. मला त्यांची लाज वाटत होती असं नाही. की होतं? मी हे खूप वेळा स्वतःला विचारलंय. मला ओळखलं जायचं नव्हतं, एवढं नक्की. मी आंब्याखाली उभी राहून मागच्या मे महिन्याचा आकडा बघितला, त्यात थोडी भर घातली, तक्त्यात लिहिला आणि मागे फिरले.

संध्याकाळी तुम्ही वाचायला लागलात. सात, आठ. मग नऊ नंबर, पाणी इतक्या खोल.

हिरामावशी ओसरीच्या खाली उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. तिने शांतपणे सांगितलं, "साहेब, आमच्या हिरीत आज पानीच न्हाई. सकाळपास्नं पंप लावून उपसलीया. मानसं खाली उतरून गाळ काढत्यात."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, घरी बसून मोजली वाटतं. आणि मग मागे बसलेल्या वस्तीतल्या एका माणसाने, फार मोठ्याने नाही, म्हटलं, "आमची हीर लांबनंच मोजायची पद्दत हाय, भाऊ. जुनीच हाय ती."

त्यावर कुणी हसलं नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. एकदाही नाही. चष्मा काढलात, खिशातलं पेन काढलंत, तो आकडा आडवी रेघ मारून खोडलात आणि बाजूला सही केलीत. म्हणालात, "चूक माझी आहे. मी गेलो नाही, आणि आकडा लिहिला. असं करायला नको होतं." मग दहा नंबर वाचायला घेतलात.

तो टोमणा माझ्यावर यायला हवा होता. तुमच्यावर गेला. तुमचं आडनाव, तुमच्या घरची शेती, सगळ्या गावाला माहीत. तुमच्या तोंडून ते ऐकताच लोकांना वाटलं, बरोबर आहे, हेही तसलेच. ज्या माणसाने ती विहीर यादीत आणली, त्याच्या माथी मी ते मारलं, आणि मी त्याच वस्तीसारख्या वस्तीतली. मी खाली मान घालून टेप गुंडाळत बसले. एक वाक्य पुरलं असतं.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, तुम्ही कामशेतच्या आधी विचाराल. मग वाटलं, वडगावला उतरताना विचाराल. तुम्ही एवढंच म्हणालात, "मोजता आलं नाही तर तिथे रेघ मारत जा. रेघेची लाज वाटून घेऊ नये." दुसऱ्या दिवशी मला पुन्हा फिल्डवर पाठवलंत, पण नऊ नंबर पुन्हा तुमच्याकडे घेतलात. मला वाटलं, माझ्यावरचा विश्वास उडालाय. मी तेही विचारलं नाही.

पुढे एकदा, गाडीत आपण दोघंच असताना, तुम्ही अचानक तुमच्या घरच्या विहिरीबद्दल सांगितलंत. तुम्ही लहान असताना काही माणसं तिथे कठड्यापासून दूर उभी राहायची, ओंजळ पुढे करून, आणि तुमची आजी वरून पाणी ओतायची. "मी बघितलंय. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. पाणी मोजायला लागलो आणि मग ते आठवायला लागलं." तुम्ही थांबलात. मी खिडकीबाहेर उर्स्याचा टोलनाका बघत होते. तिथून आत वळलं की आजोबांचं घर. मला खरंच राग आला होता, सर. वाटलं, हे मला का सांगताय, मी तुम्हाला माफ करावं म्हणून? आज वाटतं, तुम्ही काहीच मागत नव्हतात. बोलणं सुरू करायला माझ्यापेक्षा तुम्हालाही बरं जमत नव्हतं, एवढंच असेल. नक्की काय होतं, हे आता कळायचं नाही.

या फेब्रुवारीत तुम्ही आजारी म्हणून घरी भेटायला आले, ती सांगायचं ठरवून. आरशासमोर उभी राहून वाक्यं पाठ केली होती. काकूंनी तुम्हाला उशीला टेकवून बसवलं. तुमचा आवाज इतका बारीक झाला होता की मला खुर्ची जवळ ओढावी लागली. तुम्ही मार्चच्या फेरीबद्दल बोललात, चार नंबरच्या कठड्यावरची आपली मोजायची खूण पुसत चाललीय, नवा रंग लाव म्हणालात. मी हो म्हटलं. काकूंनी चहा आणला. मी चहा प्यायले, नमस्कार केला आणि घरी आले. पाठ केलेली वाक्यं स्टेशनपर्यंत तोंडात होती.

मार्चची फेरी मी एकटीने केली. नऊ नंबर शेवटी ठेवली. विहिरीवर हिरामावशी आणि तिची सून होत्या. मावशीने माझ्या मागे ओढ्यापर्यंत बघितलं आणि विचारलं, "साहेब न्हाई आलं?"

त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. तुमच्या जाण्याची बातमी पेपरात आली, पुण्यातल्या सगळ्या ऑफिसांना मेल गेली, आणि नऊ नंबरला सांगायचं राहिलं. ते मला सांगावं लागलं. सून हातातली घागर तशीच धरून उभी राहिली. मावशी कठड्यावर बसली, पदर तोंडाला लावला, आणि म्हणाली, लय बारीक झालं हुतं दिवाळीत आलं तवा, म्या म्हनलं हुतं, दवाखाना बगा.

मग मी सांगितलं. आधी ठरवलेलं काहीच सुचलं नाही. म्हटलं, मावशी, चार वर्षांमागे गाळ काढलात त्या दिवशी चुकीचा आकडा लिहिला होता, तो सरांनी नाही, मी लिहिला होता.

"ठाव हाय," मावशी म्हणाली.

मला वाटलं तिला नीट समजलं नाही. मी परत सांगायला लागले, तर तिने हात केला. "त्या आंब्यापातूर आलीवतीस तू. निळा टॉप हुता अंगात. म्या हितनं बगितलं. आठ दिसानं साहेब एकलेच आलं टेप घिऊन, तवा त्यास्नी म्हनलं, तुमची पोरगी आलीवती आन मागं फिरली. मंग तुमी का वो तुमच्या नावावं घितलं?"

मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हनलं, तिचं ती सांगंल. तवर तिला कुनी कायबी इचारू नका. कुनाची, कुटली, कायबी न्हाई." मावशीने नाक पुसलं. "म्या म्हनलं, आन न्हाई सांगितलं मंग? तर हासलं. म्हनलं, मंग ऱ्हाऊ दे माज्याच नावावं, माज्याकडं जागा हाय."

सर, म्हणजे चार वर्षं ही वस्ती गप्प बसली होती ती तुमच्या सांगण्यावरून. मी दुरून टाळत होते तो प्रश्न इथे मला कुणी विचारणारच नव्हतं. तुम्हाला माझ्याबद्दल किती माहीत होतं? बायोडेटात सगळं होतं, पण तुम्ही तर तो वाचलाच नव्हतात. की नंतर वाचलात? मी तिथे विहिरीवर उभी राहून, इतक्या उशिरा, तुमच्यावर चिडले. मग रडले. सुनेने पाणी दिलं. मावशी गप्प बसून होती, तेव्हा मला कळलं की तुमचा शब्द ती अजूनही पाळतेय, तुम्ही नसतानाही. ती विचारणार नव्हती.

म्हणून मीच म्हटलं, "मी उर्स्याची, मावशी. बौद्धवाड्यातली." आजोबांचं नाव सांगितलं.

"अगं बया. माजी ननंद दिलीया की उर्स्यात," ती म्हणाली, आणि पुढचा पाऊण तास मला टेप काढू दिला नाही.

मग आम्ही मोजलं. खडू कुठवर भिजलाय ते मावशीने बोट ठेवून दाखवलं, मी लिहिलं.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमली होती. तुमच्याबद्दल तोवर सगळ्यांना कळलं होतं. सरपंचांनी दोन मिनिटं उभं राहायला लावलं. मला वाटलं होतं आकडे न वाचता तक्ता सरळ पुण्याला पाठवावा, तुम्ही असतानाही मी हेच म्हणायचे. एजंटसारखा दिसणारा कुणी आहे का, हेही मी बघून घेतलं. एक होता. तरी मी तक्ता उघडला. वाचायच्या आधी एक सांगायचंय, म्हटलं. माझं नाव सांगितलं, वडिलांचं, आजोबांचं, गाव, वाडा. मग सांगितलं की नऊ नंबरच्या विहिरीवर त्या मे महिन्यात जायचं काम माझं होतं, मी गेले नाही आणि खोटा आकडा लिहिला. तो आकडा सरांनी लिहिला असं जे तुम्ही धरून चाललात ते खरं नाही, त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली.

मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात मागे भिंतीला टेकून बसलेले एक आबा कानाशी हात नेत म्हणाले, "पोरी, जरा मोट्यानं बोल. हितं मागं कायबी कळलं न्हाई."

त्यामुळे मला ते दोनदा सांगावं लागलं.